जड जीभ व धीट वाणी

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रविवारच्या उपासनेच्या वेळीं शास्त्रपाठ कोणीं वाचावा, प्रार्थना कोणीं चालवावी, ह्याची यादी पंच महिन्याच्या आरंभीं करीत असतात. ही यादी लक्षपूर्वक पाहिली असतां असें आढळून येतें कीं, कांहीं नांवें तींत कधींच येत नाहींत. तीं वगळावीं असा ठराव कोणीं केलेला नसतो. त्या माणसांविरुद्ध कोणाची तक्रारहि नसते. त्यांचें आचरण पुष्कळदां यादींतल्या माणसांपेक्षां चांगलें असतें. पण त्यांच्यापैकीं एखादा बोलतांना अडखळतो, पहिलेंच अक्षर त्याच्या ओठांवर अडून बसतें, आणि ऐकणारांस अवघडल्यासारखें होतें. म्हणून 'त्याला उगीच त्रास नको' असें म्हणून त्याला सोडून देण्यांत येतें. आपण सुटलों असें तोहि मानतो. दोन्ही पक्षांस ही व्यवस्था सोयीची वाटते, आणि जी व्यवस्था दोन्ही पक्षांस सोयीची असते तिचा विचार करावयास कोणी बसत नाहीं. आज तो करावा असें आम्हीं योजिलें आहे.

तोतऱ्या मनुष्यानें धीटपणें बोलावें असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्या मनांत असा क्रम असतो कीं, आधीं त्याची जीभ मोकळी व्हावी आणि मग त्याला धीर यावा. हा क्रम बरोबर आहे काय? जीभ जन्मभर मोकळी झाली नाहीं तर त्यानें जन्मभर गप्प बसावें काय? आणि आपलें अडखळणें लपविण्यासाठीं मनांतला शब्द टाकून तो भलताच शब्द बोलतो, तेव्हां तें खोटें बोलणें होतें काय? हा शेवटचा प्रश्न आम्हांस एका तरुण उपदेशकानें विचारला होता, आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

प्रथम वाटेंतले दगडधोंडे दूर करूं. तोतरेपणा हा जिभेचा रोग नव्हे. तें आईबापांच्या कोणत्याहि पापाचें फळ नव्हे. लहानपणीं कोणा तोतऱ्याला वेडावलें म्हणून त्याचें तोतरेपण ह्याला लागलें, ही समजूत आमच्या गांवांत अजून ऐकूं येते. तिला कांहीं आधार नाहीं. बुद्धि मंद असल्याचें तें लक्षण नव्हे. बहुधा मूल दोन ते पांच वर्षांचें असतां, म्हणजे वाक्यें जुळवूं लागतें त्या काळांत, ह्याचा आरंभ होतो. शंभर मुलांत सुमारें पांच मुलें केव्हांना केव्हां अडखळतात. त्यांच्यापैकीं बहुतेकांचें अडखळणें पुढें आपोआप जातें, आणि मोठ्या माणसांत शंभरांत एकाच्या सुमारास तें राहतें. मोठेपणीं स्त्रियांपेक्षां पुरुषांत तें सुमारें चौपट आढळतें. कित्येक घराण्यांत तें पिढ्यान् पिढ्या चालत येतें, आणि ह्याचें एक कारणहि आतां कळूं लागलें आहे. २०१० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंतील डेनिस ड्रायना व त्यांचे सहकारी ह्यांनीं पाकिस्तानांतील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासापासून आरंभ करून तोतरेपणाशीं संबंध असलेलीं कांहीं जनुकें दाखवून दिलीं. बोलण्याची जुळणी करणारे मेंदूचे जे भाग आहेत, त्यांच्या परस्पर जोडणींत अशा माणसांमध्यें थोडा फरक असतो, हेंहि मेंदूच्या तपासण्यांवरून दिसून आलें आहे.

असें असतां आजपर्यंत सगळा मारा झाला तो बिचाऱ्या जिभेवर. आमच्याकडे वेखंड उगाळून जिभेला लावितात, अक्कलकाढा चघळावयास देतात. त्यानें जीभ झणझणते, ह्यापलीकडे कांहीं होत नाहीं. सुधारलेल्या देशांनीं ह्याहून शहाणपण दाखविलें असें कोणी समजूं नये. बर्लिन शहरांतील डिफेनबाख नांवाच्या नामांकित शस्त्रवैद्यानें १८४१ सालीं तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशीं पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. भूल देण्याचें औषध तेव्हां प्रचारांत आलेलें नव्हतें. माणसांनीं त्या यातना सोसल्या आणि तोतरेपणा जागच्या जागीं राहिला. ग्रीस देशचा वक्ता डेमॉस्थेनीस तोंडांत खडे धरून बोलण्याचा अभ्यास करीत असे, अशी जी गोष्ट प्लुटार्कनें लिहून ठेविली आहे, ती शाळेंत मोठ्या हौसेनें सांगतात. ती ऐकून कोणीं मुलाच्या तोंडांत खडे घालूं नयेत. खडा घशांत जाईल.

जीभ निर्दोष आहे ह्याचा पुरावा पाहावयास दूर जावें लागत नाहीं. जो मनुष्य चारचौघांत आपलें नांव सांगतांना घामाघूम होतो, तोच उपासनेंत गीत गाऊं लागला म्हणजे एका अक्षरावरहि अडत नाहीं. सर्व मंडळीबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणतांना तो अडत नाहीं. औताच्या बैलांशीं बोलतांना, पाळण्यांतल्या लेकराला खेळवितांना, शेतांत एकटाच असतां स्वतःशीं पुटपुटतांना तो बहुधा अडत नाहीं. तेच ओठ, तीच जीभ, तोच श्वास! तोतरेपणाचें मूळ शरीरांत आहे हें खरें, पण त्याला पाणी मिळतें तें ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून. कोणी उत्तराची वाट पाहत आहे, घाई करीत आहे, हंसण्याच्या बेतांत आहे, असें दिसलें कीं गांठ घट्ट बसते. म्हणून हा एका मनुष्याचा दोष आहे असें म्हणणें पुरेसें नाहीं. बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांमध्यें घडणारी ही गोष्ट आहे, आणि येथूनच ती नीतिशास्त्राच्या हद्दींत येते.

अमेरिकेंत जोसेफ शीहान नांवाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते स्वतः तोतरे होते. तोतरेपणा हा समुद्रांतल्या बर्फाच्या डोंगरासारखा आहे, असें ते म्हणत. वर दिसतो तो थोडा. मोठा भाग पाण्याखालीं असतो. आमच्या वाचकांनीं बर्फाचा डोंगर पाहिलेला नाहीं, तेव्हां गोदावरीच्या पुरांत वाहत येणारें झाड डोळ्यांपुढें आणावें. वर चार फांद्या दिसतात. बुंधा व मुळ्या खालीं असतात, आणि होडी फुटते ती त्या मुळ्यांवर. लोकांस ऐकूं येतें तें अडखळणें म्हणजे फांद्या. खालीं काय असतें? भीति, लाज, आणि रात्रंदिवस चाललेली लपवालपवी.

ह्या लपवालपवीचे प्रकार ज्यांना ठाऊक नाहींत त्यांस ते खरे वाटणार नाहींत. तरुण एस. टी. च्या गाडींत बसतो. त्याला पाथर्डीस जावयाचें असतें. पण कंडक्टर समोर येऊन उभा राहतो आणि 'पा' हें अक्षर ओठांवर चिकटून बसतें. मागचीं माणसें पाहूं लागतात. तो तिसगांवचें तिकीट मागतो, तिसगांवास उतरतो, आणि पुढली वाट पायीं तुडवितो. शाळेंत हजेरी चालू असते. 'हजर' एवढा एकच शब्द उच्चारावयाचा. पण तो बदलतां येत नाहीं, म्हणून मुलगा गप्प राहतो आणि वर्गांत बसलेला असून गैरहजर ठरतो. मास्तर प्रश्न विचारतात. उत्तर त्याला पाठ असतें, तरी तो 'ठाऊक नाहीं' असें म्हणतो, कारण तीं अक्षरें त्याला सोपीं जातात. कोणी नांव विचारलें तर भावाचें नांव सांगून मोकळा होतो. आपलें नांव हा बहुतेक तोतऱ्या माणसांस सर्वांत अवघड शब्द जातो, कारण त्याच्या जागीं दुसरा शब्द घालतां येत नाहीं. गांवांतल्या सभेंत रस्त्याचा किंवा पाण्याचा प्रश्न निघतो, त्याच्याच शेतांतून चारी जावयाची असते, आणि तो मान हालवून संमति देतो. कारण 'नाहीं' म्हटलें तर कारण सांगावें लागेल.

आतां त्या उपदेशकाचा प्रश्न घेऊं. हें खोटें बोलणें आहे काय?

लबाड मनुष्य खोटें बोलतो तेव्हां ऐकणाऱ्याजवळचें कांहींतरी काढून घेण्याचा त्याचा हेतु असतो. पैसा, विश्वास, निदान खरें जाणण्याचा त्याचा हक्क. 'ठाऊक नाहीं' म्हणणाऱ्या ह्या मुलाला मास्तरांजवळचें कांहींच नको असतें. विस्तवाजवळ गेलेला हात मागें यावा तसा तो शब्दापासून मागें येतो. त्याला लबाडांच्या रांगेंत उभें करणें हा अन्याय होईल, आणि असें करणारे कडक स्वभावाचे लोक आमच्या मंडळ्यांत आहेत म्हणून आम्ही हें स्पष्ट लिहितों.

परंतु येथें थांबतां येत नाहीं. त्यानें ऐकणाऱ्याचें कांहीं घेतलें नसलें तरी त्याचें स्वतःचें गेलेंच. मनुष्याचा शब्द ही त्याची मालमत्ता आहे, आणि गरिबाजवळ तर पुष्कळदां तेवढीच असते. जो दररोज दहा वेळां आपल्या मनांतला शब्द टाकून हाताशीं येईल तो शब्द बोलतो, त्याची ओळख लोकांस होते ती त्या दुसऱ्या शब्दांवरून. कोणी त्याला मंद समजतात, कोणी गर्विष्ठ, कोणी 'फार गरीब स्वभावाचा' म्हणून त्याची स्तुति करितात. खरा मनुष्य आंत राहतो. त्याची बायको देखील वर्षानुवर्षें एका निराळ्याच मनुष्याबरोबर संसार करीत असते. चोरी झाली आहे, पण चोर व घरधनी एकच आहे. आणि घरधन्याला चोरी करावयास लावणारे आपण सगळे दारांत उभे आहों.

हें किती दूरवर जातें ह्याचें उदाहरण चार्ल्स व्हॅन रायपर ह्यांचें आहे. हे गृहस्थ १९०५ सालीं जन्मले व १९९४ सालीं वारले. पुढें ते अमेरिकेंत मिशिगन राज्यांत वाचादोषांचे मोठे शिक्षक झाले. पण तरुणपणीं त्यांचें तोतरेपण इतकें तीव्र होतें कीं त्यांनीं एका शेतकऱ्याकडे मुक्याबहिऱ्याचें सोंग घेऊन मजुरी केली. विचार करा: बोलतां येणाऱ्या मनुष्यास मुका म्हणवून घेणें हें तोतरा म्हणवून घेण्यापेक्षां सोपें वाटलें! तें सोंग फार दिवस टिकलें नाहीं. ते लिहितात कीं, मग एकदां वाटेंत त्यांना एका म्हाताऱ्यानें आपल्या मोटारींत घेतलें. तो म्हाताराहि तोतरा होता, पण त्याचें अडखळणें सौम्य होतें. त्यांत धडपड नव्हती. तरुणपणीं आपणहि फार झगडत होतों, आतां झगडत नाहीं, असें त्यानें सांगितलें. व्हॅन रायपर ह्यांच्या पुढील सर्व शिकवणीचें बीज त्या भेटींत होतें. अडखळूं नये म्हणून झगडणें, हाच तोतरेपणाचा मोठा भाग आहे. तेव्हां अडखळावें, पण झगडल्याशिवाय, लाजल्याशिवाय अडखळावें, असें त्यांनीं हजारों लोकांस शिकविलें.

ऐकणाऱ्याच्या शब्दांत काय बळ असतें, ह्याचें एक काळें उदाहरणहि सांगितलें पाहिजे, कारण तें अनाथ मुलांविषयीं आहे आणि आमच्या वसतिगृहांच्या चालकांनीं तें जाणून असावें. आयोवा विद्यापीठांत वेंडेल जॉन्सन नांवाचे अध्यापक होते. तेहि स्वतः तोतरे होते. त्यांच्या देखरेखीखालीं १९३९ सालीं मेरी ट्यूडर नांवाच्या विद्यार्थिनीनें डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमांतील २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील कांहीं मुलें अगदीं नीट बोलणारीं होतीं. त्यांना मुद्दाम असें सांगण्यांत आलें कीं, तुमच्या बोलण्यांत तोतरेपणाचीं लक्षणें आहेत. नीट बोलतां येत नसेल तर तोंड उघडूं नका. तीं मुलें तोतरीं झालीं असें सिद्ध झालें नाहीं. पण तीं गप्प झालीं. वर्गांत उत्तर देईनात, बोलतांना चाचरूं व लाजूं लागलीं. हा प्रयोग कित्येक वर्षें दडून राहिला. विद्यापीठानें २००१ सालीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि २००७ सालीं त्या राज्यानें वांचलेल्या मुलांना व मेलेल्यांच्या वारसांना ९,२५,००० डॉलर भरपाई देण्याचें कबूल केलें. तोंवर तीं मुलें म्हातारीं झालीं होतीं.

आतां शास्त्राकडे वळूं, कारण आमच्या मंडळ्यांत ह्या विषयावर बोलणारा प्रत्येक मनुष्य मोशेचें नांव काढतो. आपण वाचाळ नाहीं, आपलें तोंड व जीभ जड आहेत, असें मोशेनें देवाला सांगितलें. मनुष्याचें तोंड कोणीं केलें, असें देवानें त्याला विचारलें. आणि अखेर अहरोन त्याच्या वतीनें बोलेल असें ठरलें. पुष्कळ उपदेशक येथें पुस्तक मिटतात आणि असा बोध काढतात कीं, जड जिभेच्या मनुष्यानें एखादा बोलका भाऊ शोधून त्याच्या मागें उभें राहावें. आम्हांस हा अर्थ पटत नाहीं. अहरोनाची नेमणूक ही देवाची पहिली इच्छा नव्हती. दुसऱ्या कोणाला तरी पाठीव, असा हट्ट मोशेनें धरल्यावर आणि देवाचा राग त्याजवर भडकल्यावर ती झाली. शिवाय पुढें वाचीत जावें. फारोपुढें हळूहळू मोशेच बोलूं लागतो. तो डोंगरावर गेला असतां लोकांनीं सोन्याचें वासरूं मागितलें, तेव्हां त्यांना 'नाहीं' म्हणावयाचें होतें; आणि तो एक शब्द त्या बोलक्या भावाच्या तोंडून निघाला नाहीं. अनुवादाच्या पुस्तकांत जीं लांबलचक भाषणें आहेत, तीं ह्या जड जिभेच्या मनुष्याचीं आहेत. त्याची जीभ बरी झाली असें मात्र कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

मार्काच्या सातव्या अध्यायांत बहिऱ्या व बोलण्यांत अडखळणाऱ्या मनुष्याची गोष्ट आहे. तींतील चमत्कार सर्वांच्या लक्षांत राहतो. प्रभूनें त्याला प्रथम गर्दींतून बाजूला नेलें, हें फार थोड्यांच्या लक्षांत राहतें.

तर मग धीटपणा कशाला म्हणावें? आमच्यामध्यें असा भ्रम आहे कीं, ज्याचें बोलणें पाण्यासारखें वाहतें तो धीट. आम्हीं असे पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत कीं जे पाऊण तास अखंड वाहिले आणि शेवटीं पात्र कोरडें होतें. ओघ हा कंठाचा व संवयीचा गुण आहे. धीटपणा हा इच्छेचा गुण आहे. जो शब्द बोलावयाचा होता तोच शब्द बोलणें, त्याला वेळ लागला तरी तो न टाकणें, आणि तेवढा वेळ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत राहणें, हा तोतऱ्या मनुष्याचा धीटपणा होय. तो अडखळत असतांनाच दाखवितां येतो. खरें सांगावयाचें तर, अडखळत असतांनाच तो दिसतो.

केरळाचे पहिले मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद हे १९०९ पासून १९९८ पर्यंत जगले. ते साम्यवादी होते. धर्माविषयींच्या त्यांच्या मतांशीं आमचें जुळावयाचें नाहीं. पण ते जन्मभर तोतरे होते आणि जन्मभर हजारों लोकांपुढें भाषणें करीत राहिले. तुम्ही नेहमींच अडखळतां काय, असें कोणीं विचारलें असतां, नाहीं, बोलतों तेव्हांच, असें उत्तर त्यांनीं दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्यानें आपलें तोतरेपण झांकलेलें नाहीं त्यालाच असें उत्तर सुचतें. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज ह्याची गोष्ट तर आतां सिनेमांतूनहि सर्वांस माहीत झाली आहे. तो राजपुत्र असतां १९२५ सालीं वेंब्ले येथील प्रदर्शनाच्या समारोपाचें भाषण करावयास उभा राहिला आणि सर्व लोकांसमोर अडून गेला. पुढल्या सालीं तो लायोनेल लोग ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे जाऊं लागला. हे लोग डॉक्टर नव्हते. १९३९ सालच्या सप्टेंबरच्या ३ तारखेस, युद्ध सुरू झालें त्या संध्याकाळीं, राजानें रेडिओवरून भाषण केलें तेव्हां लोग त्याच्या जवळ उभे होते. त्या भाषणाचें ध्वनिमुद्रण आजहि ऐकावयास मिळतें. त्यांत मधून मधून लांब विराम आहेत. तोतरेपणा गेलेला नव्हता. राजा बोलला एवढेंच.

ज्यांना ही अडचण आहे त्यांना आम्ही थोडें सांगूं इच्छितों. बोलण्याच्या आरंभींच, 'माझी जीभ अडखळते, जरा वेळ लागेल,' असें सांगून टाकावें. निम्मी भीति तेथेंच ओसरते, कारण आतां लपवावयाचें कांहीं उरत नाहीं. शब्द अडला म्हणजे त्याला धक्के मारूं नयेत आणि मागें वळून सोपा शब्दहि घेऊं नये. ओठ सैल सोडावे आणि त्याच शब्दांतून हळू बाहेर सरकावें. हें एका दिवसांत साधत नाहीं. लहान ठिकाणीं आरंभ करावा. दुकानांत, गाडींत, शेजाऱ्याच्या ओट्यावर. एका आठवड्यांत एकदां तरी खऱ्या गांवाचें तिकीट काढावें. पुणें, मुंबई अशा शहरांत अशा माणसांचे आपण होऊन भरविलेले मेळावे असतात. तेथें एकदां जाऊन आलेला मनुष्य आपण एकटे नाहीं हें तरी पाहून येतो. 'तोतरेपणा दहा दिवसांत समूळ बरा' अशा जाहिराती देणारांच्या हातीं मात्र पैसा देऊं नये. लहान मूल कांहीं महिने सारखें अडखळत असेल, विशेषतः घराण्यांत दुसरें कोणी तोतरें असेल, तर त्याला वाचादोषांच्या जाणकाराकडे लौकर न्यावें. मुंबईस वांद्रे येथें अली यावर जंग ह्यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून आहे, आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांतहि चौकशी करितां येते.

पण अधिक सांगावयाचें आहे तें ऐकणारांस. त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका. तुम्हांस तो दयेचा प्रकार वाटतो. त्याला मात्र आपल्या हातांतली भाकर कोणीं ओढून घेतल्यासारखें वाटतें, आणि पुष्कळदां तुम्ही पुरें केलेलें वाक्य त्याचें नसतेंच. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरूं नकोस', हे शब्द प्रेमाचे आहेत, पण ते त्यानें जन्मापासून ऐकिले आहेत आणि त्यांनीं गांठ सुटत नाहीं. खालीं पाहूं नका. त्याच्या तोंडाकडे पाहून थांबा, जसे तुम्ही विहिरीवर दुसऱ्याची घागर भरेपर्यंत थांबतां. तो काय बोलला ह्याला उत्तर द्या. कसा बोलला ह्याला नको. घरांत मूल अडखळूं लागलें तर त्याला रागें भरूं नका, बक्षिसाची लालूचहि दाखवूं नका. तुम्हीच आपलें बोलणें थोडें संथ करा. बाजाराच्या दिवशीं काकानें किंवा मामानें भाच्याची नक्कल करून चार माणसें हंसविलीं, ही आमच्याकडे थट्टा समजली जाते. तिची किंमत तो मुलगा वीस वर्षें फेडीत असतो.

येथें कांहीं वडील माणसें हरकत घेतील कीं, उपासना व्यवस्थित व शोभेल अशी व्हावी. शास्त्रपाठ अडखळत वाचला तर लोकांचें लक्ष उडतें. लक्ष उडतें हें खरें. पण लग्नाच्या जेवणाला उशीर झाला तर हेच लोक दोन तास शांत बसतात. दोन मिनिटें अधिक लागलीं म्हणून ज्या मंडळीचें लक्ष उडतें, तिला थांबण्याचा अभ्यास करावयास ह्याहून चांगला प्रसंग कोणता मिळणार? दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: तोतऱ्या मनुष्यास लोकांपुढें उभें करणें हा जुलूम नव्हे काय? होय, ढकलून उभें केलें तर जुलूमच. म्हणून त्याला एकांतांत विचारावें, आणि तो 'नको' म्हणाला तर तें त्याचें उत्तर म्हणून मान्य करावें. पण विचारावें अवश्य. न विचारतां वगळणें आणि विचारून त्याचा नकार ऐकणें, ह्यांत एका मनुष्याइतकें अंतर आहे.

एक नाजूक गोष्ट राहिली. लग्न जुळवितांना मुलाचें किंवा मुलीचें तोतरेपण झांकण्याचा प्रघात आहे. पाहण्याच्या दिवशीं मामाच सगळें बोलतो. मुलगा मान हालवितो. 'तो मितभाषी आहे' असें सांगण्यांत येतें. शाळेंतल्या मुलाचें 'ठाऊक नाहीं' आम्हीं खोट्यांत धरलें नाहीं, पण हें धरतों. कारण येथें समोरच्याजवळचें कांहींतरी, आणि तेंहि जन्माचें, घ्यावयाचें असतें. मुलामुलींना अर्धा तास एकत्र बसूं द्यावें आणि ज्याची जीभ अडखळते त्यानें आपणच तें सांगावें. नकार येईल तर येवो.

लग्नाच्या दिवशीं वराला वचन मोठ्यानें उच्चारावें लागतें, आणि त्या वचनांत शब्द बदलतां येत नाहींत. स्वतःचें नांव तर पहिल्याच ओळींत असतें. ह्या एका भीतीनें महिना महिना झोंप न लागलेले तरुण आमच्याकडे आले आहेत. आम्ही त्यांस सांगतों कीं, तुझ्याबरोबर आम्हीहि तींच वाक्यें म्हणूं. दोघांनीं मिळून म्हटलें म्हणजे जीभ अडत नाहीं. बहुतेक हें स्वीकारतात आणि सर्व सुरळीत पार पडतें. दोन वर्षांपूर्वीं एका शेतकऱ्याच्या मुलानें हें नाकारलें. वचन माझें आहे, मी एकटाच म्हणेन, असें तो म्हणाला; आणि एवढें म्हणावयासहि त्याला बराच वेळ लागला. लग्नाच्या दिवशीं तो आपल्या नांवाच्या पहिल्या अक्षरावर थांबला. मंडळींत कोणी खोकलें, एक मूल रडूं लागलें, त्याच्या बापानें मान खालीं घातली. नवरी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. तिला सर्व आधींच सांगितलेलें होतें. मग नांव आलें, आणि त्यामागून एक एक करून सगळें वचन आलें, एकहि शब्द न बदलतां.